लॉर्ड हॅवरलींच्या हातचा पत्ता

केल्डब्री, यॉर्कशर
२ मे १८१४

फीबी,

आशीर्वाद धरून चाल, दर पत्रात लिहीत नाही. शाई जाते.

लेडी मॉर्डनच्या घरी तुला स्वतंत्र खोली, स्वतंत्र आरसा आणि चालायला शिकवणारी स्वतंत्र बाई मिळाली, हे वाचलं. मग एकोणीस वर्षं तू इथे पायांनी करत होतीस ते काय होतं? राणीसाहेबांपुढून उलट्या पावली बाहेर यायचं, डोक्यावर हातभर पिसं, मागे झग्याचं चार हात शेपूट, आणि पडायचं नाही. आमच्याकडे चिडलेल्या वळूपुढून लोक तसेच निघतात, पण त्यासाठी कोणी पिसं लावत नाही.

लेडी मॉर्डन तुझ्या आईची चुलत बहीण. तुला मोठ्या लोकांत उभं करायचं तिनं अंगावर घेतलंय, तेव्हा ती सांगेल तसं वाग. मला लिहिताना मात्र खरं लिही. कोण कसं दिसतं, कसं खातं, कसं बोलतं. इथे मला मेंढ्यांशिवाय तोंडं बघायला नाहीत, आणि ती पाठ झाली आहेत.

मागचं पत्र फुकट आलं. एरवी घेणाऱ्यानं पैसे भरायचे. लॉर्डाच्या सहीचं मात्र सरकार तसंच पोचवतं. आमच्या पोस्टमास्तर ग्रबला ते सोसत नाही. भिंग घेऊन बसला. अख्खा पत्ता लॉर्डाच्याच हातचा आहे का, गाव लिहिलंय का, टाकलं त्याच दिवसाची तारीख आहे का, ती अक्षरी आहे का. सगळं होतं. ग्रब रडवेला झाला.

हा लॉर्ड हॅवरली कोण ते कळव. अक्षर मोठं गोंडस आहे. इतकं गोंडस अक्षर यायला माणसाला दुसरं काम नसावं लागतं.

तुझ्याबरोबर दासी म्हणून डॉर्कस पाठवली आहे, ती सोळाची आहे हे विसरू नकोस. तिची आई अॅग्नेस रोज गाई पिळायला येते आणि रोज विचारते.

आजी


लंडन
गुरुवार, १२ मे

आजी,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. वाचून चुलीत घाल.

आज साडेतीन वाजता लेडी मॉर्डनच्या कुत्र्यानं माझी दरबाराची पिसं खाल्ली. तीन होती, अडीच खाल्ली. घरभर आरडाओरडा झाला. डॉक्टर आला, तो कुत्र्यासाठी.

लेडी मॉर्डन बोलताना आपल्या डोक्याच्या वर बघते, जणू मागे आपल्याहून बरं कोणी उभं आहे. तिचे अर्धे केस रात्री खुंटीला टांगलेले असतात, आणि दिवसा त्यातले कोणते अर्धे ते सगळ्यांना कळतं. डचेस ऑफ वेल्बर्न जेवता जेवता झोपते. घोरते, पण घास थांबत नाही. मिस्टर टॉलिव्हर म्हणून एक आहेत, ते नाचतात तेव्हा जिन्यावरून जड टेबल उतरवताहेत असं वाटतं. टेबल मी.

लॉर्ड हॅवरलींचं विचारलंस. ते चांगले नाचतात, घोड्यावर चांगले बसतात, आणि माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतात. हे तिसरं इथे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

घर रिकामं आहे. कुत्र्याला हवा दाखवायला सगळे पार्कात गेलेत, गडीसुद्धा. मी डोकं दुखतं म्हणाले. डॉर्कस तळघरात इस्त्री करते आहे. लिहिता लिहिता कागद संपत आला, आता कडेकडेनं लिहिते. कोणीतरी आलं. थांबते.

फीबी


केल्डब्री
१५ मे

फीबी,

चुलीत घातलं नाही. दोनदा वाचलं. मला तुमच्यासारखं भरभर येत नाही. पत्त्यापासून सुरू करते आणि शिक्क्यापर्यंत एकेक अक्षर चघळत जाते. अॅग्नेसलाही वाचून दाखवलं. खुंटीचा भाग तिला पुन्हा हवा होता.

पिसांचं एवढं काय? आपल्या हंसांची काढून पाठवते. राणीसाहेब काय जवळ येऊन बघणार आहेत?

तुझा लॉर्ड बोलणं पुरं होईपर्यंत थांबतो म्हणतेस. असा माणूस एक तर चांगला असतो, नाही तर त्याचं लक्ष दुसरीकडे असतं. यातला कोणता, ते बघ.

टेबलवाल्याचं वय किती?

आणि कोणीतरी आलं म्हणून थांबलीस, ते कोण आलं ते लिहिलं नाहीस.

आजी


लंडन
१७ मे

आजी,

वाईट बातमी आहे. लेडी मॉर्डनची मोत्यांची माळ गेली. चार पदरी, तिच्या सासूची. गुरुवारी चार वाजता तिनं ती स्वतः कपाटात ठेवली, पार्कातून येऊन साडेसहाला उघडलं तर नाही. मधल्या वेळात घरात दोघीच होतो, मी आणि डॉर्कस. मी पाहुणी. त्यामुळे कोणाला फार विचार करावा लागला नाही.

डॉर्कसच्या शिवणाच्या टोपलीत माळेची सोन्याची कडी सापडली. नुसती कडी. डॉर्कस म्हणाली, ‘बाईसाहेब, मी चोरली असती तर माळ लपवून कडी कशाला जपून ठेवली असती?’ लेडी मॉर्डन म्हणाली, ‘बघा, उत्तर तयारच आहे.’

तिला न्यूगेटच्या तुरुंगात नेलं. एक जूनला खटला. घरातल्या एवढ्या चोरीला फाशी आहे, आजी.

लॉर्ड हॅवरली देवासारखे धावून आले. ते गुरुवारी सकाळीच शर्यतींना न्यूमार्केटला गेले होते. रविवारी परतले ते थेट इथे. खटल्याच्या दिवशी लेडी मॉर्डनला धीर द्यायला तिच्या शेजारी बसणार आहेत. या पत्रावरही पत्ता त्यांनीच घातलाय.

गुरुवारी कोणी आलं नव्हतं. मांजर असावं.

फीबी


केल्डब्री
१९ मे

फीबी,

मांजराला पत्ता लिहिता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुझं गुरुवारचं पत्र समोर घेऊन बसले आहे. कागद एकच. आत तू लिहिलेलं, घडी घातली की बाहेर पत्ता. आत कुत्र्यानं साडेतीनला पिसं खाल्ली. त्याच कागदाच्या पाठीवर त्या गोंडस हातानं माझं नाव, माझं गाव, आणि ‘लंडन, मे बारा, अठराशे चौदा’. शेजारी लंडनच्या टपालाचा लाल शिक्का, तोच दिवस.

आधी कधीतरी कोऱ्या कागदावर लिहून ठेवला असेल म्हणशील. तुझं लिहिणं कडेकडेनं पाठीवर आलंय. तुझ्या ‘थांबते’वरून माझ्या गावाच्या नावाची शेपटी गेली आहे. खाली तुझी शाई, वर त्याची. ग्रबला बोलावून भिंगातून दाखवलं. तो म्हणाला, ‘थ्वेटबाई, यात काही खोट असती तर त्या दिवशीच तुमच्याकडून पैसे घेतले नसते का?’ त्याच्यावर माझा एवढ्याच बाबतीत विश्वास आहे.

म्हणजे सकाळी न्यूमार्केटला गेलेल्या माणसानं साडेतीननंतर लंडनमध्ये माझा पत्ता लिहिला. एक तर त्याचा उजवा हात मागे राहिला होता, नाही तर तो सगळाच राहिला होता.

आता खरं लिही. अॅग्नेसला मी काही सांगितलेलं नाही. ती सकाळी येते, विचारते, ‘आमची डॉर्कस बरी ना?’ मी सांगते, ‘बसून आहे.’

आजी


लंडन
२१ मे

आजी,

ते आले होते. बागेच्या दारानं, मीच उघडलं. म्हणाले, न्यूमार्केटची वाट धरली होती, पण तुझ्यासाठी अर्ध्या रस्त्यातून फिरलो. दिवाणखान्यात आम्ही तासभर दोघंच होतो. त्यांनी मला मागणी घातली. म्हणाले, मी इथे होतो हे आठवडाभर कोणाला सांगू नकोस, मग तुझ्या आजीला रीतसर लिहितो.

मी पत्र पुरं केलं, त्यांनी पत्ता घातला. लाख वितळवायला मेणबत्ती नव्हती, तर स्वतः उठून आणायला गेले. कोण लॉर्ड असं करतो? रस्त्यानं घंटा वाजवत टपाल गोळा करणारा फिरतो, जाताना त्याला पत्रही त्यांनीच दिलं.

त्यांनी काही वावगं केलं असेल हे माझ्या मनाला पटत नाही. आणि मी कोर्टात उभी राहून काय सांगू? लग्नाची मुलगी परक्या पुरुषाबरोबर तासभर एकटी होती, असं? त्यानंतर या शहरात मला कोणी चहाच्या कपाला हात लावू देणार नाही. शिवाय ते पत्र तिथे मोठ्यानं वाचतील. खुंटीसकट.

लोक म्हणतात, डॉर्कस लहान आहे, कदाचित फाशी न देता सात वर्षांसाठी जहाजावरून दूर धाडतील. ते एवढं वाईट नसेल, असं मी रोज स्वतःला सांगते.

फीबी


केल्डब्री
२३ मे

फीबी,

कोण लॉर्ड असं करतो? तुझ्या सबंध पत्रात हा एकच शहाणा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तू शोधलं नाहीस. ज्याची टोपी एक जण उचलतो आणि बूट दुसरा काढतो, तो माणूस परक्या घरात मेणबत्ती शोधत फिरला. किती वेळ लागला? कुठे सापडली? लेडी मॉर्डनच्या खोलीत मेणबत्त्या असतात ना? आणि तुमच्या शिवणाच्या टोपल्या वाटेतच असतात ना?

मग तारीख कशी लिहून बसला, म्हणशील. सवयीनं. तुम्ही मुली कागद पुढे करता, तो गाव, महिना, दिवस, वर्ष लिहून देतो, रोज दहा-दहा. मी गप्पा मारता मारता वाटाणे सोलते तसं. हात आपला चालू, डोकं माळेपाशी.

मागणी घातली म्हणतेस. घातली असेल. आजीला रीतसर लिहिणार होता, तो आठवडा होऊन गेला. मला अजून त्याच्या हातचं पत्त्याखेरीज काही आलेलं नाही.

डॉर्कसला जहाजावर घातलं तर ते एवढं वाईट नसेल? मग तिच्याऐवजी तू जा. एवढं वाईट नसेल.

एकीकडे पोरीची मान आणि दुसरीकडे नाचाची बोलावणी, यातलं जड काय हे बघायला तुला आठवडा लागला. मी तुला एकटीनं वाढवलं. त्यात हा चहाचा कप कुठून शिरला, मी शोधते आहे.

गुरुवारचं पत्र सोबत आहे. टपालाच्या घोडागाडीच्या रखवालदाराच्या हातात दिलंय, त्याच्याकडे बंदूक असते. बोल. सगळं बोल. खुंटीसकट.

खटला झाला की लगेच लिही. दोन्हीपैकी काय झालं ते पहिल्या ओळीत.

आजी


लंडन
२ जून

आजी,

डॉर्कस सुटली.

हे पत्र सहीशिवाय येतंय. पैसे तुला भरावे लागतील.

लेडी मॉर्डननं मला गाडी नाकारली. कोणी न बोलावता मिस्टर टॉलिव्हर आपली घेऊन आले. मी कोर्टात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, ‘म्हणजे आपण त्या गृहस्थांबरोबर तासभर एकट्या होता?’

‘हो, हुजूर.’

‘आणि काय करत होता?’

‘आजीला पत्र लिहीत होते.’

लोक हसले. ‘तासभर?’

‘तिला थोडक्यात चालत नाही, हुजूर.’

मग कारकुनानं पत्र वाचलं. आवाज असा, की वाण्याची यादी वाचतोय. पिसं वाचली, घोरणं वाचलं. खुंटी वाचली तेव्हा लेडी मॉर्डनचा हात आपोआप डोक्याकडे गेला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. मग टेबल वाचलं. मी मिस्टर टॉलिव्हरांकडे बघितलं नाही.

लॉर्ड हॅवरली हसून म्हणाले, ‘मुलीचा गैरसमज आहे. मी बायकांना कोऱ्या कागदांवर पुढच्या तारखा घालून देत असतो.’

न्यायाधीशांनी कागद खिडकीकडे धरला. ‘लॉर्डसाहेब, आपली शाई यांच्या शेवटच्या शब्दावर आहे.’

‘असेल.’

‘तो शब्द कुत्र्याच्या नंतरचा आहे.’

मी मधेच विचारलं, ‘मेणबत्ती कुठून आणलीत?’ मी विचारायचं नसतं म्हणे. पण विचारून झालं होतं. ते म्हणाले, ‘गड्यानं दिली.’

तेव्हा लेडी मॉर्डन उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘माझे सगळे गडी माझ्या कुत्र्याबरोबर होते.’

दुपारनंतर लॉर्ड हॅवरलींची खुर्ची रिकामी दिसली. लॉर्डाला दाराशी कोण अडवणार? आज कळलं, समुद्र ओलांडायला निघाले. मोती मिळाले नाहीत. माझी रडण्याची वेळ अजून आलेली नाही. सामान बांधून होऊ दे.

माझी ट्रंक लेडी मॉर्डननं पायरीवर काढून ठेवली होती. पत्र वर्तमानपत्रात शब्दन्‌शब्द छापून आलं. माझ्याकडे अकरा बोलावणी होती, अकराही परत गेली. मिस्टर टॉलिव्हरांच्या मावशीनं मला ठेवून घेतलंय. काल दारात उतरवताना त्यांनी विचारलं, ‘पायऱ्या किती होत्या?’

‘कुठल्या?’

‘टेबल उतरवत होतो त्या.’

मी म्हणाले, ‘बावीस.’

‘मग फार वाईट नाही,’ म्हणाले आणि गेले. आज सकाळी पुन्हा आलेत. खाली बसलेत. काही बोलत नाहीत.

डॉर्कसचं निराळंच झालंय. तिचं कडीचं उत्तर शहरभर झालं, तिला बघायला लोक येतात. सात मोठ्या घरांनी तिला कामाला मागितलं. डचेस ऑफ वेल्बर्ननं दुप्पट पगारावर नेली. म्हणाली, जेवताना मला कोपरानं ढोसायला धीट मुलगी हवी. उद्या डचेसची शाल घेऊन ती मोसमातल्या सर्वांत मोठ्या नाचाला जाणार आहे. तिथे मला बोलावणं नाही. निघताना डॉर्कस म्हणाली, ‘फीबीबाई, वाईट वाटून घेऊ नका. तिथं कोण कसं दिसतं, कसं खातं, ते मी तुम्हाला लिहून कळवीन.’ तिला लिहिता येत नाही. शिकते म्हणाली.

आजी, तुला माझी लाज वाटते का? खरं लिही.

फीबी


केल्डब्री
५ जून

फीबी,

पैसे भरले. ग्रब पुष्कळ दिवसांनी हसला.

लाज वाटते. आठवडाभराची. बाकीची नाही.

खाली बसलेल्या माणसाला काहीतरी खायला घाल. न बोलणाऱ्याबद्दल मत बनवायला वेळ लागतो, तो लागू दे. मागच्या खेपेला तू घाई केलीस.

अॅग्नेसला आज सांगितलं. ती गाय पिळत होती. म्हटलं, डॉर्कसवर चोरीचा आळ आला होता, तुरुंगात होती, फाशी द्यायची चालली होती, सुटली, आणि आता डचेसकडे कामाला लागली. सगळं एकदम सांगितलं. तुकड्यातुकड्यानं सांगण्यासारखं ते नव्हतं. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, ‘म्हणजे गवत कापायला ती येत नाही तर.’

म्हटलं, ‘नाही.’

चरवी भरली तशी उठली, चरवी तिथेच ठेवली आणि गोठ्याच्या मागे गेली. बराच वेळ आली नाही. दूध मीच गाळलं.

कापणी वीस तारखेला धरली आहे. एक हात कमी आहे. ये.

आजी